कोण उंच, कोण सखल?

१. द्रोणागिरीच्या पायथ्याशी

उरणच्या दक्षिणेला एक डोंगर आहे. त्याचे नाव द्रोणागिरी. लोक सांगतात, लक्ष्मणासाठी औषधी घेऊन मारुतीराया आकाशातून चालला होता. त्याच्या हातातल्या पर्वताचा एक तुकडा येथे पडला. तोच हा डोंगर. डोंगरावर जुन्या किल्ल्याच्या पडक्या भिंती आहेत. पायथ्याला करंजा बंदर आहे. करंज्याहून लाँचमध्ये बसले की खाडीपलीकडे रेवस.

डोंगर उंच आहे, हे कोणालाही दिसते. ते सांगायला यंत्र लागत नाही. पण डोंगराच्या खाली जी खार जमीन आहे, ती पाहा. ती अशी सपाट दिसते की जणू कोणी रंधा मारला आहे. तिथे कोण उंच आणि कोण सखल, हे डोळ्यांना कळत नाही. आणि नेमके तेच कळावे लागते. कारण पाण्याला ते बरोबर कळते.

आपल्या वाडवडिलांना ही गोष्ट ठाऊक होती. त्यांनी खाडीच्या कडेने बांध घातले. बांधात उघाड्या बसवल्या. भरतीचे पाणी चढले की त्याच्या रेट्याने उघाडीचे दार मिटते. ओहोटी लागली की आतले पाणी दार ढकलून बाहेर जाते. हे सारे पातळीचेच गणित आहे. मिठागरातही तेच. खारे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात जायचे, तर दुसरा वाफा बोटभर खाली हवा. फार खाली नको, वरही नको. ज्यांनी हे केले, त्यांतले कितीतरी जण शाळेत गेले नव्हते. पण बोटभर फरक त्यांना समजत होता.

पुढे काळ बदलला. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबई वसू लागली. १९८९ साली न्हावा-शेवाचे मोठे बंदर सुरू झाले. १२ जानेवारी २०२४ रोजी रेल्वे उरणपर्यंत आली. आज द्रोणागिरी हे नुसते डोंगराचे नाव राहिले नाही. ते नव्या वसाहतीचे नाव आहे. ते एका स्टेशनचेही नाव आहे.

खार जमिनीवर शहर वसवायचे म्हणजे आधी मातीचा भराव टाकावा लागतो. भरावावर रस्ता होतो. रस्त्याकडेला इमारती उभ्या राहतात. पण जुने गाव जिथे होते तिथेच राहते. काल जे घर शेतापेक्षा उंच होते, ते आज रस्त्यापेक्षा सखल होते. घर हलले नाही. शेजारची जमीन चढली.

म्हणून उंच कोण आणि सखल कोण, हा प्रश्न आता आपल्या उंबऱ्याशी येऊन बसला आहे. तो सोडवायचा कसा, ते या पाठात पाहू या.

२. आमची चूक

पहिल्यांदा आमची स्वतःची चूक सांगतो. दुसऱ्याच्या चुकीपेक्षा सांगणाऱ्याची चूक जास्त लक्षात राहते.

डोंगराच्या पायथ्याजवळ एक वाडी आहे. वाडीशेजारी नवा रस्ता झाला. रस्ता वाडीहून उंच झाला. पुढच्या पावसात वाडीतले पाणी बाहेर जाईना. एका आजीच्या अंगणात गुडघाभर पाणी साचले. चूल विझली. तांदळाचा डबा माळ्यावर चढवावा लागला.

उन्हाळ्यात मंडळी जमली. सगळ्यांचे मत पडले, की आजीच्या अंगणापासून नाल्यापर्यंत गटार खणू या. पाणी नाल्यात जाईल. आमच्याजवळ हातात धरायचे एक जीपीएस यंत्र होते. ते आकाशातल्या उपग्रहांवरून आपली जागा ओळखते. जागेची उंचीही सांगते. आम्ही मोठ्या ऐटीत अंगणात उभे राहिलो. यंत्राने सांगितले, १६ मीटर. मग नाल्यावर गेलो. यंत्राने सांगितले, १३ मीटर.

आम्ही म्हणालो, “बघा, तीन मीटरांचा उतार आहे. खणा बिनघोर.”

वाडीतल्या एका गवंडीकाकांनी मान हलवली. ते म्हणाले, “तीन मीटर म्हंजे माझ्या डोक्याच्या वर हात गेला. एवढा उतार असता तर पानी थांबलंच कशाला असतं?”

आम्ही हसलो. यंत्र खोटे कसे बोलेल?

दोन दिवस श्रमदान झाले. बायामाणसांनी घमेली वाहिली. गटार झाले. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस आला. आणि काय झाले? पाणी अंगणातून नाल्यात गेले नाही. नाल्यातले पाणी गटारातून उलटे अंगणात आले.

आजी दारात उभी होती. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, “पोरांनो, आधी पाणी एका वाटेनं यायचं. आता दोन वाटा झाल्या.”

ते शब्द आम्ही अजून विसरलो नाही. आमचे यंत्र खोटे बोलले नव्हते. त्याला काय विचारावे आणि काय विचारू नये, हे आम्हालाच माहीत नव्हते.

३. यंत्र उंची कशी सांगते?

पावसाळ्यात आधी वीज चमकते. मग गडगडाट ऐकू येतो. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत तीन सेकंद गेले, तर वीज सुमारे एक किलोमीटर दूर आहे असे समजावे. म्हणजे वेळेवरून अंतर कळते.

जीपीएसचेही तसेच आहे. हे उपग्रह अमेरिकेने आकाशात सोडले. पहिला उपग्रह १९७८ साली गेला. १९९५ साली सारी व्यवस्था पुरी झाली. भारतानेही आपले असे उपग्रह २०१३ सालापासून सोडले. त्या व्यवस्थेचे नाव नाविक. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे वीस हजार किलोमीटर वर फिरतात. प्रत्येकात अतिशय अचूक घड्याळ असते. उपग्रह सतत सांगत असतो, “आता इतके वाजले. मी या जागी आहे.” तो निरोप आपल्या यंत्रापर्यंत यायला सेकंदाचा अगदी लहान भाग लागतो. तेवढ्या वेळावरून यंत्र अंतर काढते. अशी निदान चार उपग्रहांची अंतरे मिळाली की यंत्राला आपली जागा कळते.

पण येथे एक अडचण आहे. हा निरोप सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो. वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतर तीनशे मीटरांनी चुकते. यंत्र ही चूक हिशेबाने पुष्कळ कमी करते. तरी थोडी उरतेच. मोबाइलमधले जीपीएस मोकळ्या आभाळाखाली पाचएक मीटर इकडे तिकडे जागा दाखवते. उंचीची चूक त्याहून मोठी असते. ती दीडपट ते दुप्पट धरावी. म्हणजे आठ-दहा मीटर.

उंचीतच जास्त चूक का? मंडपाचा खांब आठवा. खांबाला चारी बाजूंनी दोर बांधून ताण दिला, तर तो कुठेही कलत नाही. एका बाजूचा दोर दुसऱ्या बाजूची चूक सावरतो. उपग्रह आपल्या पूर्वेला असतात, पश्चिमेला असतात, उत्तरेला आणि दक्षिणेला असतात. म्हणून जागा बरी सापडते. पण वर-खाली पाहिले तर सगळे उपग्रह वरच. पायाखाली एकही नाही. पायाखालचे उपग्रह पृथ्वीच्या आड गेलेले असतात. वरची चूक सावरायला खालून ओढणारा दोरच नसतो.

आता आमची चूक पुन्हा पाहा. यंत्राने अंगणात १६ सांगितले आणि नाल्यावर १३. फरक तीन मीटरांचा. पण यंत्राची चूकच आठ-दहा मीटरांची! मग त्या तीन मीटरांना काय अर्थ? तागडीत धोंडे मोजायचे वजन असले, तर त्याने सोने मोजू नये.

४. उंच, पण कुठून?

कोणी म्हणाले, “हे घर पाच मीटर उंच आहे,” तर आपण लगेच विचारावे, “कुठून पाच?” उंचीला सुरुवात लागते. त्या सुरुवातीला शून्य म्हणतात.

आपण म्हणतो, समुद्रसपाटीपासून. पण करंज्याच्या धक्क्यावर उभे राहून समुद्र पाहा. तो सपाट कुठे बसतो? दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. मग कुठला समुद्र धरायचा? भरतीचा की ओहोटीचा?

म्हणून जाणकारांनी बरीच वर्षे समुद्राचे पाणी मोजले आणि त्याची सरासरी काढली. मुंबईत अपोलो बंदराला १८७८ सालापासून भरती-ओहोटीची नोंद आहे. चढत्या आणि उतरत्या पाण्याचा जो मध्य येतो, ती समुद्रसपाटी. नकाशात डोंगराची उंची लिहितात, ती या मध्यापासून.

भरतीच्या वेळापत्रकाचे शून्य मात्र वेगळे आहे. होड्यांना तळ लागू नये, म्हणून ते शून्य खोल ओहोटीच्या पाण्याजवळ धरले आहे. मुंबई बंदरात ते मध्यापासून सुमारे अडीच मीटर खाली आहे. म्हणून पेपरात आले, “आज ४.८ मीटरची भरती,” तर घाबरू नये, पण बेफिकीरही राहू नये. ४.८ मधून २.५ वजा करा. उरले २.३. म्हणजे ते पाणी समुद्रसपाटीच्या सुमारे २.३ मीटर वर चढेल. नकाशात एखादी जमीन तीन मीटर उंच लिहिली असेल, तर तिच्यात आणि त्या भरतीत फक्त सत्तर सेंटीमीटरांचे अंतर राहते. वाऱ्याने लाट उसळली, तर तेही कमी होते.

जीपीएसचे शून्य आणखी तिसरेच. उपग्रहांचा हिशेब सोपा व्हावा म्हणून पृथ्वी एका गुळगुळीत गोळ्यासारखी धरतात. गोळा वर-खाली किंचित चपटा. पण खरा समुद्र त्या कल्पित गोळ्यावर चपखल बसत नाही. पृथ्वीची ओढ सगळीकडे सारखी नाही. त्यामुळे समुद्र कुठे त्या गोळ्याच्या वर फुगतो, कुठे खाली दबतो. श्रीलंकेच्या दक्षिणेला तो शंभर मीटरांहूनही खाली दबला आहे. आपल्या मुंबई-उरणकडे तो साठ-पासष्ट मीटर खाली आहे. काही यंत्रे हा फरक स्वतःच दुरुस्त करून उंची दाखवतात. काही करत नाहीत. तसले यंत्र घेऊन तुम्ही करंज्याच्या धक्क्यावर उभे राहिलात, तर ते दाखवील, उणे साठ! तुम्ही काही पाण्याखाली गेलेला नसता. यंत्राचे शून्य तेवढे वर असते.

यातून एक सोपी वाट आहे. दोन मुलांची उंची मोजायची आहे. दोघांनाही एकाच पाटावर उभे केले. दोघांचीही उंची पाटाएवढी जास्त येईल. पण थोरला धाकट्यापेक्षा किती उंच, हे बरोबरच कळेल. पाटाची चूक दोन्हीकडे सारखी, म्हणून ती वजाबाकीत निघून जाते.

तसेच एका यंत्राने, एकाच वेळी, जवळजवळच्या दोन जागा मोजाव्या आणि वजाबाकी करावी. शून्याची चूक दोन्हीकडे सारखी असते. ती निघून जाते. उपग्रहांच्या काही चुकाही निघून जातात. उरते ती वजाबाकी. तिला सापेक्ष उंची म्हणतात. म्हणजे एकीपेक्षा दुसरी किती उंच.

५. चला, डोंगर मोजू या

जीपीएस टाकाऊ आहे, असे मात्र समजू नका. डोंगर मोजायला ते चांगले. मोठ्या वस्तूला मोठे माप चालते. कसे मोजायचे ते पाहा.

समजा, आपण द्रोणागिरीच्या पायथ्याशी मोकळ्या जागी उभे आहोत. डोक्यावर झाड नको. भिंत चिकटून नको. कड्याच्या अगदी कुशीत नको. तिथे अर्धे आभाळ झाकते आणि निरोप कड्यावर आपटून उलटे येतात. यंत्र सुरू करून पाच-दहा मिनिटे थांबायचे. मग दर मिनिटाला एक आकडा लिहायचा. असे पाच आकडे.

पायथा: १४, ९, १७, ११, १४. बेरीज ६५. पाचाने भागले. सरासरी १३.

आता वर चढू या. अर्ध्या वाटेवर एक मोकळी सपाटी आहे असे समजू. तिथेही थोडे थांबायचे आणि पाच आकडे लिहायचे.

सपाटी: ११८, १२५, १२१, ११६, १२५. बेरीज ६०५. सरासरी १२१.

झाले का काम? नाही. आता खाली उतरून पुन्हा पहिल्याच जागी उभे राहायचे.

पायथा, दुसऱ्यांदा: १५, १९, १६, १८, १७. बेरीज ८५. सरासरी १७.

पाहा बरे. पायथा जागचा हलला नाही. तरी यंत्राने आधी १३ सांगितले आणि मग १७. चार मीटरांचा फरक यंत्राचा आहे, डोंगराचा नाही. परत पहिल्या जागी आलो, म्हणूनच हे कळले. ही तपासणी कधीही चुकवू नये.

पायथ्याच्या दोन सरासऱ्यांचा मध्य १५. १२१ मधून १५ गेले. उरले १०६. म्हणजे सपाटी पायथ्यापेक्षा सुमारे १०६ मीटर उंच आहे. पाच-सात मीटर इकडे तिकडे. डोंगरासाठी एवढे पुरे. वर टाकी बांधायची, पाण्याचा पंप घ्यायचा, चढायला किती वेळ लागेल ते काढायचे, या कामांना हा आकडा उपयोगी पडतो.

आणखी दोन गोष्टी जाणून घ्या.

पहिली गोष्ट. काही यंत्रांत हवेचा दाब मोजणारा भाग असतो. वर चढले की हवेचा दाब कमी होतो. आपल्याकडे सुमारे आठ मीटर चढले की दाब एक मिलीबारने उतरतो. त्यावरून यंत्र चढ सांगते. थोड्या वेळातला चढ-उतार ते जीपीएसपेक्षा चांगला सांगते. पण ढग भरून आले, वादळ आले, की दाब आपोआप बदलतो. मग तुम्ही एका जागी बसला असाल, तरी यंत्र तुम्हाला डोंगर चढवते.

दुसरी गोष्ट. मोबाइल पुष्कळदा उंची मोजतच नाही. तो आधीच तयार असलेल्या नकाशातून आकडा काढून देतो. असे उंचीचे पुष्कळ नकाशे फेब्रुवारी २००० मधल्या एका मोजणीवरून झाले आहेत. एन्डेव्हर नावाच्या अंतराळयानाने अकरा दिवस फिरून ती मोजणी केली. आता सांगा, द्रोणागिरीच्या नव्या वसाहतीत २००० सालानंतर जो भराव पडला, तो त्या नकाशात कसा दिसेल? दिसणार नाही. जमीन चढली, पण नकाशातला आकडा तसाच राहिला.

६. पाण्याची नळी

आता आजीच्या अंगणात परत जाऊ.

पाऊस थोडा उघडला. गवंडीकाका आपली नळी घेऊन आले. साधी पारदर्शक प्लास्टिकची नळी. लांबी पंधरा मीटर. घराचा पाया धरताना गवंडी हीच नळी वापरतो. काका म्हणाले, “यंत्राला आभाळातून ऐकावं लागतं. हिला जमिनीवरच कळतं. पानी खोटं बोलत नाय.”

नळीत पाणी भरले की तिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर उभे राहते. मधली नळी कशीही लोळो, वाकडी असो, उंबऱ्यावरून जावो. दोन्ही टोकांचे पाणी सारखेच. यावरच सारे मोजमाप आहे.

कसे मोजायचे ते पाहा. दोन सरळ काठ्या घ्या. त्यांच्यावर जमिनीपासून वर सेंटीमीटरच्या खुणा करा. शिवणकामाची टेप चिकटवली तरी चालेल. एक काठी अंगणात उभी धरा. दुसरी दहा मीटर दूर धरा. प्रत्येक काठीला नळीचे एक टोक लावा. पाणी हलायचे थांबले, की दोन्ही काठ्यांवरचा आकडा वाचा.

समजा, अंगणातल्या काठीवर पाणी ८४ वर आहे. दूरच्या काठीवर ११२ वर आहे. तर सखल जागा कोणती?

पुष्कळ जण येथे चुकतात. त्यांना वाटते, मोठा आकडा म्हणजे उंच जागा. तसे नाही. नदीत दोघे उभे आहेत असे समजा. तुमच्या छातीपर्यंत पाणी आहे आणि आमच्या गुडघ्यापर्यंत. तर खोलात कोण? तुम्ही. पाणी जास्त वर आले, म्हणजे पाय जास्त खाली. म्हणून ज्या काठीवर आकडा मोठा, ती जागा सखल. ११२ मधून ८४ गेले. उरले २८. म्हणजे दूरची जागा अंगणापेक्षा २८ सेंटीमीटर सखल.

नळीत बुडबुडा राहू देऊ नका. बुडबुडा असला की दोन्हीकडचे पाणी सारखे राहत नाही. टोके अंगठ्याने बंद करून नळी न्या, पण वाचताना दोन्ही टोके उघडी ठेवा. एक टोक बंद राहिले, तर पाणी अडून बसते आणि आकडा चुकतो. काठी तिरपी धरू नका. मऊ चिखलात काठी रुतते, म्हणून खाली सपाट दगड ठेवा.

नाला दूर असेल तर टप्प्याटप्प्याने जा. पहिल्या टप्प्याची पुढची काठी हलवू नका. मागची काठी उचलून आणखी पुढे न्या. प्रत्येक टप्प्याला उतार किती, चढ किती, ते वहीत लिहा. शेवटी उतारांची बेरीज करा. चढांची बेरीज करा. वजाबाकी करा. मग तसेच मोजत परत या. परत आल्यावर एकूण फरक शून्याच्या जवळ आला पाहिजे. एक-दोन सेंटीमीटर चालतील. दहा आले, तर कुठेतरी चुकले. पुन्हा मोजा.

काकांनी आणि वाडीतल्या दोन मुलींनी अंगणापासून नाल्यापर्यंत मोजले. मुली आकडे वाचत होत्या. आजीची सून वहीत लिहीत होती. ती त्याच वर्षी साक्षरता वर्गात लिहायला शिकली होती. शेवटी तिनेच वजाबाकी केली आणि मान वर केली. नाल्याचा तळ अंगणापेक्षा १८ सेंटीमीटर उंच निघाला! नाल्यात गाळ आणि भरावाची माती साचली होती. ज्याला आम्ही तीन मीटरांचा उतार म्हणालो, तो खरोखर वीतभर चढ होता.

७. मग पाणी कुठे गेले?

मंडळी गप्प बसली नाहीत. त्यांनी चारी दिशांना नळी फिरवली. घरांच्या मागे, जुन्या बांधाकडे, साठ मीटरांवर जमीन अंगणापेक्षा ३५ सेंटीमीटर सखल निघाली. तिकडे कोणाचेच लक्ष गेले नव्हते. तिकडे झुडपे माजली होती.

गटाराला किती उतार हवा? शंभर मीटरांना अर्धा मीटर धरला, तरी पाणी वाहते. म्हणजे दर दोन मीटरांना एक सेंटीमीटर. साठ मीटरांना ३० सेंटीमीटर लागले. हाताशी होते ३५. काम झाले. पहिले गटार आजीच्या अंगणाजवळ बुजवले. दुसरे बांधाच्या दिशेने खणले.

दर दोन मीटरांना एक सेंटीमीटर! हे मोजायचे माप नळी आहे. जीपीएसला ही बोटभर गोष्ट दिसत नाही.

पाण्याचा सारा त्रास मिटला, असे आम्ही म्हणणार नाही. उधाणाची भरती आणि मोठा पाऊस एकदम आले, की बांधाची उघाडी मिटते. तेव्हा आतले पाणी ओहोटीची वाट पाहते. त्या दोन-तीन तासांत अंगणात घोटाभर पाणी येते. पण भरती उतरली की ते जाते. चुलीपर्यंत चढत नाही. आजीने चुलीचा ओटाही दीड वीत उंच करून घेतला. किती उंच करायचा, ते तिने नळी लावूनच ठरवले.

८. कागदावर पातळी विचारा

नवा रस्ता होणार असेल, भराव पडणार असेल, तर माती पडण्याआधी विचारा. मागून विचारले तर उत्तर मिळते, पण माती हलत नाही.

रस्त्याच्या नकाशात तयार रस्त्याची पातळी लिहिलेली असते. ग्रामसभेत उभे राहून दोन प्रश्न विचारा. ही पातळी कुठल्या शून्यापासून? आणि आमच्या उंबऱ्यापासून ती किती वर? मग तिसरा प्रश्न विचारा. आमच्या बाजूचे पाणी रस्त्याखालून कुठे जाणार आणि त्या मोरीचा तळ आमच्या अंगणाच्या खाली आहे ना?

तुमच्या नळीची मोजणी ही तुमच्या माहितीसाठी. सरकारी कामाला आणि भांडणतंट्याला ती पुरत नाही. त्यासाठी मोजणीखात्याचे माप लागते. त्यांच्याजवळ रोव्हर नावाचे यंत्र असते. तेही उपग्रहांचेच निरोप ऐकते. पण एका पक्क्या, मोजलेल्या जागी बसवलेले दुसरे यंत्र त्याला चुका सुधारून देते. म्हणून ते काही सेंटीमीटरांपर्यंत बरोबर सांगते. येथेही तीच वजाबाकी आहे. एकट्या यंत्राचे ऐकायचे नाही. माहीत असलेल्या जागेशी ताडून पाहायचे.

वहीत आकडे लिहून नेले, की बोलण्याला वजन येते. “आमच्याकडे पाणी भरते,” असे म्हटले तर ऐकणारा मान डोलावतो. “रस्ता आमच्या उंबऱ्यापेक्षा ६२ सेंटीमीटर उंच आहे आणि मोरीचा तळ १८ सेंटीमीटर वर आहे,” असे म्हटले, की त्याला उठून पाहायला यावे लागते.

लक्षात ठेवा

उंची ऐकली की विचारा, कुठून?
एकाच यंत्राने दोन्ही जागा मोजा. मग वजाबाकी करा.
शेवटी पहिल्या जागी परत या आणि पुन्हा मोजा.
डोंगराला जीपीएस चालेल. अंगणाला पाण्याची नळी लावा.
आधी मोजा, मग खणा.

करून पाहा

१. तुमचा उंबरा आणि समोरचा रस्ता यांत कोण उंच? नळी लावून मोजा. वहीत तारीख घालून लिहा. रस्त्यावर नवा थर पडला की पुन्हा मोजा.
२. मोबाइल घेऊन घरासमोर एकाच जागी उभे राहा. सकाळी उंची लिहा. दुपारी लिहा. संध्याकाळी लिहा. घर हलले का?

प्रश्न

१. जीपीएस जागा बरी सांगते, पण उंची सांगताना जास्त चुकते. असे का?
२. पेपरात ४.५ मीटरची भरती आहे असे आले. समुद्रसपाटीपासून ती सुमारे किती वर चढेल?
३. एका काठीवर पाणी ९० वर आहे. दुसरीवर ७५ वर आहे. सखल जागा कोणती? किती सखल?
४. चाळीस मीटर लांबीच्या गटाराला निदान किती सेंटीमीटर उतार हवा?
५. वाडीतले पहिले गटार उलटे का वाहिले? खणण्याआधी तुम्ही असता तर काय केले असते?